फॉरवर्ड होत आलेला फोटो छापायचाय? आधी हे तपासा

फ्लेक्सच्या दुकानात गिऱ्हाईक मोबाईल पुढे धरतं आणि म्हणतं, "फोटो एकदम क्लिअर आहे, बघा ना." त्या सहा इंची पडद्यावर तो क्लिअर दिसतोही. तोच कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन दहा बाय आठच्या बॅनरवर ताणला की गालावर चौकोन उमटतात, फेट्याच्या कडेने बारीक ठिपक्यांची गर्दी दिसते, डोळ्यांच्या जागी नुसते काळे डाग राहतात. मग बोलणी खातं प्रिंटिंगचं मशीन.

बहुतेक वेळा फोटो मुळात चांगलाच काढलेला असतो. तो तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर चार ठिकाणी मुक्काम करून आलेला असतो आणि प्रत्येक मुक्कामी त्यातलं थोडं थोडं काढून घेतलेलं असतं. कुठे काय जातं हे कळलं की बरंचसं नुकसान टाळता येतं. लग्नाची पत्रिका, जयंतीचा फ्लेक्स, आजोबांचा भिंतीवर लावायचा फोटो, नोकरीचा ऑनलाइन अर्ज, सगळीकडे हेच लागू आहे.

कॉपी केल्याने फोटो झिजत नाही

झेरॉक्सची झेरॉक्स काढत गेलं की अक्षर पुसट होतं, तसंच फोटोचंही होतं, असं नेहमी समजावलं जातं. ते अर्धंच खरं आहे. झेरॉक्स मशीन दरवेळी कागदाकडे नव्याने बघतं. फाइलची कॉपी म्हणजे आकड्यांची जशीच्या तशी नक्कल. पेनड्राइव्हवरून लॅपटॉपवर, लॅपटॉपवरून हार्ड डिस्कवर असं शंभर वेळा करा. शंभरावी कॉपी पहिलीसारखीच असते, एका बिटाचाही फरक पडत नाही.

फोटो खराब होतो तो एखादं ॲप त्याला उघडून, लहान करून, पुन्हा जेपीजी म्हणून (फोटो आवळून, म्हणजे कॉम्प्रेस करून, ठेवायचा नेहमीचा फाइल-प्रकार) लिहून काढतं तेव्हा. म्हणून "किती जणांकडून फिरून आला" यापेक्षा "किती वेळा नव्याने लिहिला गेला" हे विचारायला हवं. व्हॉट्सॲपच्या आतल्या आत फॉरवर्ड करताना सहसा तीच फाइल पुढे सरकते, त्यामुळे दहा ग्रुप फिरलेला फोटो दहापट खराब असेलच असं नाही. पण कुणी तो गॅलरीतून फेसबुकवर टाकला, तिथून दुसऱ्याने स्क्रीनशॉट मारला, तिसऱ्याने त्यावर गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ' चिकटवून परत व्हॉट्सॲपवर सोडला, तर त्याची पार रया जाते. यात माणसं फक्त तीनच आहेत.

जेपीजी टाकून काय देतं

थोडं गणित आहे, पण पुढच्या सगळ्या सूचना यावरूनच आलेल्या आहेत, तेव्हा एवढं वाचाच.

जेपीजीचं मानक १९९२ सालचं. त्याच्या पोटात जी गणिती युक्ती आहे ती बंगळुरूत शिकलेल्या नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्याबरोबर १९७४ साली प्रसिद्ध केली. जेपीजी फोटोचे ८ बाय ८ पिक्सेलचे चौकोन पाडतं. प्रत्येक चौकोनातल्या ६४ ठिपक्यांऐवजी ६४ नवे आकडे तयार होतात. पहिला आकडा त्या चौकोनाची सरासरी उजळी सांगतो. पुढचे आकडे त्यातले चढउतार सांगतात, आधी मोठे, मग बारीक, मग अगदी केसाएवढे. यातल्या प्रत्येक आकड्याला एका ठरावीक संख्येने भागायचं आणि उत्तर जवळच्या पूर्ण संख्येवर आणायचं. क्वालिटी जितकी कमी, तितकी भागणारी संख्या मोठी. बारीक चढउतारांचे आकडे मुळातच लहान असतात, ते भागून थेट शून्य होतात. फाइल लहान होते ती या शून्यांमुळेच, आणि साडीची जर, मिशीचे केस, पानांची शीर हे सगळं जातं तेही इथेच.

आता एक आकडा हातात घेऊन बघू. समजा मूळ आकडा ३७ आहे आणि ॲप १० ने भागतं. ३.७ आले, ते ४ धरले. फोटो उघडताना ४ गुणिले १० म्हणजे ४० होतात. चूक ३ ची. हाच फोटो त्याच क्वालिटीला पुन्हा सेव्ह केला तर ४० भागिले १० बरोबर ४, नवीन चूक जवळपास नाहीच. म्हणजे काही न बदलता त्याच सेटिंगला पुन्हापुन्हा सेव्ह केल्याने फोटोचा सत्यानाश होतो ही समजूत फारशी खरी नाही. दोन-चार वेळांनंतर घसरण थांबल्यात जमा होते. पण दुसरं ॲप आलं आणि त्याने १६ ने भागलं तर? ४० भागिले १६ म्हणजे २.५, ते ३ धरले, उघडल्यावर ४८. चूक ११ वर गेली. मूळ ३७ ला थेट १६ ने भागलं असतं तर २ आले असते, म्हणजे ३२, आणि चूक ५ चीच राहिली असती. वेगवेगळ्या ॲपमधून फिरलेला फोटो हमखास बिघडतो तो याच हिशेबाने.

दोन ॲपच्या मध्ये कुणी फोटो किंचित कापला तर आणखी वाईट. तीन पिक्सेल कापले की चौकोनांची जाळी तीन पिक्सेलने सरकते. आधीच्या चौकोनांच्या कडा आता नव्या चौकोनांच्या मधोमध येतात आणि जेपीजी त्यांना फोटोचाच भाग समजून जपायला बघतं. आकार बदलणं, तिरका फोटो सरळ करणं, 'ब्युटी' फिल्टर लावणं, या सगळ्यांचा परिणाम असाच.

रंगांचं वेगळं. डोळ्याला उजेड-अंधार बारकाईने कळतो, रंग तितका नाही. म्हणून जेपीजी उजळी वेगळी ठेवतं आणि रंग बहुतेक वेळा निम्म्या रुंदीचा, निम्म्या उंचीचा करून ठेवतं, म्हणजे रंगाची माहिती चौथाईच उरते. माणसाच्या फोटोत हे कळतही नाही. पिवळ्या पत्रिकेवर लाल अक्षरं असली की मात्र लगेच कळतं. लाल रंग अक्षराबाहेर ओघळल्यासारखा दिसतो, बारीक टायपातले अनुस्वार बुजतात, 'घ' आणि 'ध' एकच वाटायला लागतात.

पहिली पायरी: हातात काय आहे ते बघा

फोटो उघडा, तपशील बघा. तीन गोष्टी पाहायच्या: नाव, पिक्सेल, तारीख.

अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोच्या नावात मधे तारीख आणि शेवटी 'डब्ल्यूए' व चार आकडे असतात. ती तारीख फोटो काढल्याची नव्हे, तुमच्या फोनवर आल्याची. काढल्याची तारीख, कॅमेऱ्याचं नाव, ठिकाण ही माहिती फोटोबरोबर असते. साधा फोटो म्हणून पाठवताना व्हॉट्सॲप ती काढून टाकतं. तेव्हा तपशिलात कॅमेऱ्याचं नाव आणि ॲपर्चर व शटरच्या वेगाचे आकडे दिसत असतील तर तुम्ही मूळ फाइलच्या बरेच जवळ आहात.

पिक्सेलचा हिशेब असा. १२ मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे साधारण ४००० बाय ३०००. व्हॉट्सॲपच्या साध्या पाठवणीत लांब बाजू साधारण १६०० वर येते, म्हणजे १६०० बाय १२००. एक कोटी वीस लाख ठिपक्यांतले एकोणीस लाख वीस हजार उरले. चौऱ्याऐंशी टक्के पहिल्याच पाठवणीत गेले. त्याच आडव्या फोटोचा १०८० पिक्सेल रुंदीच्या फोनवर उभा स्क्रीनशॉट घेतला तर फोटोच्या वाट्याला १०८० बाय ८१० येतात, नऊ लाखांच्याही आत. वर बॅटरीची खूण आणि घड्याळ फुकट.

सगळ्यात वाईट म्हणजे डीपीचा स्क्रीनशॉट. श्रद्धांजलीच्या बॅनरसाठी हाच सर्रास येतो, कारण त्या घाईत घरच्यांना फोटो मागायचा कसा हा संकोच असतो. व्हॉट्सॲपचा डीपी फार तर ६४० बाय ६४० चा. संकोच बाजूला ठेवून घरातल्या एखाद्या भाच्या-पुतण्याला फोन करा, त्याच्या गॅलरीत नक्की याहून बरा फोटो असतो.

दुसरी पायरी: उलट्या दिशेने जा

फोटो कुणी पाठवला हे विचारून थांबू नका, काढला कुणी ते विचारा. ज्या फोनने काढला त्या फोनवर किंवा त्या माणसाच्या गुगल फोटोजमध्ये मूळ असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. गुगल फोटोजमध्ये दोन प्रकार असतात हेही लक्षात असू द्या: 'ओरिजिनल' आणि 'स्टोरेज सेव्हर'. दुसऱ्या प्रकारात फोटो पुन्हा आवळला जातो आणि १६ मेगापिक्सेलपेक्षा मोठा असेल तर लहानही केला जातो. तरीही तो व्हॉट्सॲपच्या फोटोपेक्षा कितीतरी बरा.

मागताना नुसतं "ओरिजिनल पाठवा" म्हणू नका. समोरचा तोच फोटो पुन्हा तसाच पाठवतो आणि वर सांगतो, "ओरिजिनलच आहे." त्याऐवजी असा मेसेज लिहा:

"मावशी, तो फोटो ज्या फोनवर काढला त्याच फोनवरून पाठवाल का? क्लिपचं चिन्ह दाबा, 'गॅलरी' नको, 'डॉक्युमेंट' निवडा आणि त्यातून फोटो पाठवा."

मावशींना जमलं नाही तर घरातला नववी-दहावीतला कुणीतरी पकडा. पाच मिनिटांचं काम आहे.

फोटो सार्वजनिक असेल, म्हणजे महापुरुषांचा, किल्ल्याचा, मंदिराचा, तर शोध वेगळ्या वाटेने. गुगलच्या निकालांच्या पानावर दिसणारं छोटं चित्र बोट दाबून सेव्ह करू नका, ते नुसतं नमुन्याचं चित्र असतं. विकिमीडिया कॉमन्स या चित्रांच्या खुल्या संग्रहावर बऱ्याच जुन्या छायाचित्रांच्या मोठ्या प्रती आहेत. तिथे पानावर दिसणारं चित्र नव्हे, 'ओरिजिनल फाइल'चा दुवा दाबायचा. खाली परवान्याची माहिती असते, तीही वाचा. एखादाच लहान फोटो हाताशी असेल तर टिनआय या संकेतस्थळावर तो चढवा आणि निकाल 'सर्वात मोठं चित्र' या क्रमाने लावा. जयंतीच्या फ्लेक्सवर वर्षानुवर्षं तोच फुटलेला फोटो फिरतो, कारण गेल्या वर्षीच्या फ्लेक्सच्या फाइलमधूनच तो उचलला जातो.

तिसरी पायरी: आणताना सांभाळा

मूळ मिळालं की ते न आवळता आणायचं. दोन्ही माणसं एका खोलीत असतील तर क्विक शेअर किंवा एअरड्रॉप, नाहीतर सरळ केबल. लांब असतील तर गुगल ड्राइव्हचा दुवा, ईमेलला जोडलेली फाइल, किंवा व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट २ जीबीपर्यंत जातं, तेव्हा "फोटो मोठा आहे, जाणार नाही" ही सबब चालायची नाही. टेलिग्रामवरही 'फाइल' म्हणून पाठवायची सोय आहे.

व्हॉट्सॲपमध्ये ऑगस्ट २०२३ पासून फोटो पाठवताना एचडीचा पर्याय आहे. त्याने फोटो मोठा जातो, पण मूळ जात नाही; तोही आवळलेलाच. वाढदिवसाचे फोटो पाहुण्यांना पाठवायला एचडी उत्तम. छपाईला डॉक्युमेंटच.

आयफोनवाल्यांसाठी एक सूचना. तुमचा फोन फोटो बहुधा एचईआयसी प्रकारात ठेवतो आणि छपाईच्या दुकानातल्या जुन्या संगणकावर ती फाइल उघडत नाही. मग तिथेच उभ्या उभ्या स्क्रीनशॉट काढून दिला जातो. त्यापेक्षा घरीच एकदा, सर्वात जास्त क्वालिटीला, जेपीजी करून न्या. वेबसाइटवरून उतरवलेल्या वेबपी फाइलचंही तेच: पीएनजी करून घ्या, स्क्रीनशॉट नको.

चौथी पायरी: काम एका दमात करा

एका ॲपमध्ये कापायचं, दुसऱ्यात उजळायचं, तिसऱ्यात नाव टाकायचं आणि प्रत्येक ठिकाणी सेव्ह करायचं, ही फोनवरची सवय मोडायला हवी. मगाचा ३७ आणि ४८ चा हिशेब आठवा. मूळ फाइलची कॉपी घ्या, मूळ बाजूला ठेवा, आणि काम शक्यतो एकाच सॉफ्टवेअरमध्ये उरका. मधेच थांबावं लागलं तर त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या प्रकारात किंवा पीएनजीमध्ये ठेवा. पीएनजी आवळताना काहीच टाकून देत नाही. जेपीजी अगदी शेवटी, एकदाच.

पण आधीच खराब झालेली जेपीजी पीएनजी करून सुधारत नाही. फाइल मोठी होते, चौकोन तिथेच राहतात.

सरकारी आणि बँकांच्या अर्जांसाठी हीच गोष्ट उलट्या बाजूने लागू पडते. बँकांच्या भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या अर्जात फोटो २०० बाय २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी मागतात. पोरं मोठाच फोटो 'कॉम्प्रेस' करणाऱ्या ॲपमधून तीन-चारदा काढतात, ५० केबी होईपर्यंत. चेहरा तोवर ओळखू येत नाही. बरोबर क्रम असा: मूळ फोटो घ्या, हव्या त्या प्रमाणात कापा, मग पिक्सेल २०० बाय २३० करा, आणि सेव्ह करताना क्वालिटी खालीवर करून बघा. एवढ्या लहान फोटोला ५० केबी भरपूर होतात, चेहरा स्वच्छ येतो. सहीचंही असंच, फक्त कोऱ्या पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने करा. रेघोट्यांच्या वहीवर केलेली सही आवळल्यावर रेघांत मिसळते.

पाचवी पायरी: अक्षरं असलेली चित्रं वेगळी हाताळा

पत्रिका, कार्यक्रमाची निमंत्रणं, वेळापत्रकं ही जेपीजीत सर्वात लवकर बिघडतात. बारीक, धारदार कडांना सांभाळणं ८ बाय ८ च्या चौकोनाला जड जातं, आणि आपल्या लिपीत तर वर मात्रा, खाली उकार, मधे शिरोरेषा. पत्रिका करून देणाऱ्याकडून पीडीएफ मागा आणि तीच पाठवा. पीडीएफमध्ये अक्षरं अक्षरं म्हणूनच असली तर कितीही मोठी करा, फुटत नाहीत. चित्रच हवं असेल तर पीएनजी, तेही डॉक्युमेंट म्हणून.

जमिनीच्या आणि कोर्टाच्या कागदांबाबत तर मी अजिबात सूट देणार नाही. सातबाऱ्याचा फॉरवर्ड होत आलेला फोटो वाचून क्षेत्र टिपून घेऊ नका. महाभूमीच्या पोर्टलवर डिजिटल सहीचा उतारा मिळतो, तो नवा काढा आणि पीडीएफच ठेवा. हा अतिसावधपणा वाटत असेल तर २०१३ सालची गोष्ट ऐका. जर्मनीतले संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीजल यांच्या लक्षात आलं की झेरॉक्स कंपनीची काही स्कॅनर-कॉपिअर मशीनं स्कॅन करताना आकडेच बदलत होती, ६ च्या जागी ८ येत होता. कारण होतं आवळण्याची पद्धत: सारखे दिसणारे ठिपक्यांचे पुंजके ती एकच समजायची आणि एकाच्या जागी दुसरा ठेवायची. आकडा पुसट झाला असता तर कुणी शंका तरी घेतली असती. इथे तो स्वच्छ, ठसठशीत आणि चुकीचा होता.

सहावी पायरी: छापण्याआधी भागाकार

हातात धरून बघायच्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. पिक्सेलला ३०० ने भागलं की इंच मिळाले. १६०० बाय १२०० म्हणजे जेमतेम पाच बाय चार इंच. सहा बाय चारला १८०० बाय १२०० हवेत, ए४ ला २४८० बाय ३५०८, आणि बारा बाय अठराच्या अल्बमच्या पानाला ३६०० बाय ५४००. फ्लेक्स लांबून बघायचा असल्याने तिथे इंचाला ७२ ते १०० वर भागतं, चौकातल्या मोठ्या होर्डिंगला त्याहून कमीही पुरतं. पण फ्लेक्सवर दहा-बारा जणांचे गोल फोटो असतील आणि तुमचा फोटो त्यातल्याच एका छोट्या गोलात जाणार असेल, तर व्हॉट्सॲपचा फोटोही चालून जातो. हट्ट धरायचा तो मधल्या मोठ्या फोटोसाठी.

चांगली प्रत उरलीच नसेल तर

अशा वेळी मिळतील तितक्या प्रती जमवा आणि त्यातली पिक्सेलने सर्वात मोठी, सर्वात कमी चौकोन दिसणारी निवडा. कधीकधी मोठी प्रत ही लहानाचीच ताणलेली असते, म्हणून १०० टक्क्यांवर मोठं करून डोळे आणि केस बघितल्याशिवाय निवड करू नका. धार (शार्पनेस) वाढवू नका. धारेबरोबर चौकोनांच्या कडाही धारदार होतात. थोडा लहान छापा, किंचित दाणा (ग्रेन) टाका, गरज पडली तर कृष्णधवल करा. रंगांचे डाग त्यात लपतात.

एआयने फोटो 'क्लिअर' करून देणारी ॲप आता प्रत्येकाच्या फोनवर आहेत. ती हरवलेलं परत आणत नाहीत, तिथे काय असू शकेल याचा अंदाज रंगवतात. डोंगर, झाडं, मंडपाचा पडदा यांना ते ठीक. आजीच्या फोटोत मात्र गालावरचा तीळ नाहीसा होतो, डोळे दुसऱ्याच बाईचे येतात, आणि घरचे म्हणतात, "छान आलाय, पण आई वाटत नाही." कागदपत्रांवर तर हे ॲप चालवूच नका.

घरात फोटोची कागदी प्रत असेल तर या सगळ्या भानगडीत पडायलाच नको. ट्रंकेतला १९७० सालचा कृष्णधवल फोटो आज व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या त्याच्या प्रतीपेक्षा कितीतरी जास्त सांगतो. फ्रेमच्या काचेवरून मोबाईलने फोटो काढू नका, ट्यूबलाइट चमकते. फ्रेममधून हलक्या हाताने काढा, काचेला चिकटला असेल तर ओढू नका, तसाच काचेसकट स्कॅनरवर ठेवा. साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके) ठेवलं की सहा बाय चारच्या फोटोचे ३६०० बाय २४०० पिक्सेल मिळतात. पासपोर्ट आकाराचा असेल तर १२०० ठेवा. कृष्णधवल असला तरी रंगीतच स्कॅन करा, पिवळे डाग नंतर वेगळे काढता येतात. फाइल टिफ किंवा पीएनजीत ठेवा आणि नातेवाइकांना पाठवायला त्यावरून वेगळी जेपीजी करा. फोटोची मागची बाजूही स्कॅन करायला विसरू नका. स्टुडिओचा शिक्का, गाव, कुणीतरी शाईने लिहिलेली तारीख, बहुतेक वेळा तिथेच सापडते.